लाल वाकळ आणि गुलाबी पाहुणे

माझ्या नणंदेला पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी पाठीकडून गुलाबी करून सोडलं, ही गोष्ट खरी आहे. गावात पुढं याची बरीच तिखटमीठ लावलेली वर्णनं फिरली. कुणी म्हणे पाहुणे रक्तबंबाळ झाले, कुणी म्हणे आम्ही भर उन्हाळ्यात धुळवड खेळलो. तसं काही नव्हतं. फक्त गुलाबी झाले. आणि तेही अर्धेच. उरलेले अर्धे नंतर झाले.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. माझं माहेर चांद्याचं. मी सातवी पास होते आणि वर्षभर शिवणाच्या वर्गाला गेले होते, म्हणून लग्नात वडिलांनी मला हातानं फिरवायची शिलाई मशीन दिली. सासर मूल गावाच्या पुढं पाच कोसांवर. चहूकडं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्ये एक मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीला टेकलेलं गाव. घरात आम्ही चौघं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे. शाळेत शिकवणारे आमचे हे, त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणे (आणि घरातही तसंच म्हटलेलं त्यांना आवडे!). नणंद कौसल्या. आणि मी. गावात दुसरी मशीन नव्हती, त्यामुळे गावात माझ्याइतकं चांगलं शिवणारं कुणी नाही, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तोवर मी काय शिवलं होतं म्हणाल, तर चार झबली, दोन परकर आणि गुरुजींसाठी एक पायजमा. त्या पायजम्याचे दोन्ही पाय डावीकडं वळत. गुरुजी तो घालून शाळेत निघाले की आपोआप तलावाकडं जात.

तर उन्हाळ्यात कौसल्येसाठी स्थळ आलं. वैनगंगेच्या पल्याडचं, आरमोरीच्या बाजूचं. लटारूभाऊ म्हणून खाऊनपिऊन सुखी शेतकरी आणि त्यांचा धाकटा मुलगा वामन. आठ दिवसांनी येतो म्हणाले. आत्याबाईंनी घरातली अंथरुणं बाहेर काढून उन्हात टाकली आणि कपाळाला हात लावला.

"पावन्याले टाकाले एक धड वाकळ नाई घरात. यातून तं हात आरपार जाते."

आत्याबाईंच्या हातची वाकळ म्हणजे बारीक टाक्यांची, ओळीत ओळ. पण एकीला दीड महिना लागे आणि आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"मी शिवते ना, आत्याबाई," मी म्हटलं. "मशीनवर दोन दिवसांत होते."

"दोन दिवसांत?"

"दोन म्हणजे फार झाले."

आत्याबाई माझ्याकडं पाहतच राहिल्या. त्या पाहण्यात कौतुक होतं असं मला तेव्हा वाटलं.

शनिवारच्या बाजारातून मी लाल मांजरपाट आणला. लाल म्हणजे काय लाल! पळसाला फुलं आल्यासारखा. आत्याबाईंनी बोटं थुंकीनं ओली करून कापडाच्या टोकावर घासली आणि बोटांकडं पाहिलं.

"पोरी, हे आधी मीठ-तुरटीच्या पान्यात भिजत घाल. रंग पक्का होते. मग शिव."

"अहो, दुकानदार म्हणाला, रंग पक्काच आहे."

"मंग काय तो कच्चा हाय म्हनन का?"

यावर खरं तर मी विचार करायला हवा होता. पण विचार करायला वेळ कुठं होता? मला दोन दिवसांत वाकळ करायची होती!

वाकळ म्हणजे काही परकर नव्हे, हे मला पहिल्या टिपेलाच समजलं. वर लाल मांजरपाट, खाली आत्याबाईंचं जुनं लुगडं आणि मध्ये धोतरांचे नि लुगड्यांचे पाच थर. हे सगळं मशीनच्या त्या चिमुकल्या पायाखाली सरकवायचं. हातमशीनला एका हातानं चाक फिरवावं लागतं आणि एका हातानं कापड धरावं लागतं. ही वाकळ धरायला माझे दोन हात, दोन्ही गुडघे आणि हनुवटी एवढं लागत होतं. मग चाक कोण फिरवणार? शाळेला सुट्टी लागली होती. गुरुजींना बसवलं.

"फिरवा."

गुरुजींनी विहिरीचा रहाट फिरवावा तसं चाक फिरवलं.

"अहो, हळू!"

"हळू म्हंजे किती?"

"थांबा, थांबा, थांबा!"

"थांबू का हळू फिरवू? दोन्ही एका वक्ती होत नाई."

कट्! सुई मोडली. माहेरून आणलेल्या तीन सुयांतली पहिली.

"तू गनितच असं घालते, तं उत्तर कसं बराबर येईन?" गुरुजी म्हणाले. वर्गात बारा वर्षं काढलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

दुसरी सुई दुपारी मोडली. तिसरी मी इतकी जपली, की तिच्यासाठी देवाजवळ दिवा लावला. पण मशीनला आता वेगळंच सुचलं होतं. वरचं कापड पुढं पळायचं आणि खालचं जागेवरच बसून राहायचं. टीप मारता मारता मध्येच कापड गोळा व्हायचं, तिथं एक उंचवटा तयार व्हायचा, तो दाबला की दुसरीकडं उठायचा. खालून दोरा पाहावा तर सुगरणीच्या घरट्यासारखे गुंतेच गुंते. सरळ रेघ मारायला मी खडूनं आखून घेतलं होतं. माझी टीप त्या आखलेल्या रेघेला तीन वेळा भेटून गेली, एवढंच तिचं नि रेघेचं नातं.

गुरुजी चाक सोडून लांबून पाहायला गेले.

"छान झाली," ते म्हणाले. "हा पेरजागडचा डोंगर दिसते. ही इथून वैनगंगा जाऊन राह्यली. शाळेत नकाशा म्हनून टांगता येईन."

"तुम्ही चाक फिरवा!"

दोन दिवसांचे चार झाले. चौथ्या दिवशी, शेवटची कडा मारत असताना, आत्याबाई अंगणातून ओरडत आल्या, "सूनबाई, अवो सूनबाई! सांगावा आला. पावने परवाच येऊन राह्यले!"

मी दचकून उठले. माझ्याबरोबर वाकळ उठली. वाकळीबरोबर मशीन उठली. मशीनच्या चाकात बोट अडकलेले गुरुजीही उठले. मी माझा पदर वाकळीत वीतभर शिवून टाकला होता!

कौसल्या हसून हसून भिंतीला टेकली. आत्याबाईंनी मात्र हसू दाबलं, कात्री घेतली आणि माझ्याशेजारी बसून एकेक टाका उसवत राहिल्या. "होते असं," त्या म्हणाल्या. "पह्यल्या वाकळीत मी बी माह्या सासूची शेंडी... नाई, माह्या सासऱ्याची शेंडी शिवली होती." हे खरं होतं की मला धीर द्यायला जुळवलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

पाहुणे आले ते रेंगीनं. (रेंगी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. बसणाऱ्याची हाडं मात्र जड असावी लागतात.) लटारूभाऊ चांगले आडवे-तिडवे, टक्कल चकाकणारं, मिशा भरघोस, पांढरीशुभ्र बंडी आणि पांढरंशुभ्र धोतर. मुलगा वामन उंच, लाजाळू, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. कौसल्येनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि आत जाऊन वेणी उसवून पुन्हा घातली. मला समजलं. मुलगा पसंत होता.

जेवायला आंब्याचा रस आणि सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया, होते. लटारूभाऊंनी चार वाट्या रस घेतला, मग आग्रहाखातर दोन, मग आग्रहाशिवाय दोन. हात धुऊन म्हणाले, "बाई, आता पोरगी ऊन उतरल्यावर पाहू. डोये मिटून राह्यले."

बाहेर असं ऊन, की कावळासुद्धा उडत नव्हता. मी माजघरात जमिनीवर वाकळ पसरली. खरं सांगते, लांबून ती फार देखणी दिसत होती. तेवढ्यात गुरुजी तांब्या घेऊन आले आणि वाकळीवर पाणी शिंपडू लागले.

"अहो, हे काय?"

"बाष्पीभवन," गुरुजी म्हणाले.

"काय भवन?" आत्याबाईंनी विचारलं.

"पानी हवेत उडते, उडता उडता गर्मी घेऊन जाते. सातवीच्या पुस्तकात हाय. पावन्याले असं थंड वाटन, म्हन्तील चांद्याले का महाबळेश्वरले आलो!"

कपडा ओला, वर पाहुण्यांचा घाम, आणि कधी मिठाचं पाणी न पाहिलेला तो पळसफुली मांजरपाट! पण त्या घडीला मला नवऱ्याच्या हुशारीचा अभिमान वाटला. दोघे वाकळीचं टोक उशाला दुमडून आडवे झाले. लटारूभाऊ उताणे, वामन एका कुशीवर. पाच मिनिटांत घोरण्यानं वळचणीतल्या चिमण्या उडाल्या.

ऊन उतरल्यावर पाहुणे उठले आणि पुढच्या ओसरीत जाऊन बसले. मी चहा गाळत होते. दारातून मला लटारूभाऊंची पाठ दिसली आणि गाळणं माझ्या हातातच राहिलं.

बंडी गुलाबी. धोतर मागून गुलाबी. आणि टकलाचा मागचा अर्धा भाग असा लालगुलाबी, जसा पाडाला आलेला आंबा! पुढून पाहावं तर माणूस स्वच्छ पांढरा. म्हणजे त्यांना स्वतःला काहीच माहीत नव्हतं.

"कौसल्या," मी कशीबशी म्हटलं, "काही झालं तरी वर पाहू नको. मान खाली घाल, चहा दे आणि ये."

बिचारी निघाली. मान खाली. लटारूभाऊंना चहा दिला, वामनसमोर बशी धरली. आता मुलगी म्हटल्यावर क्षणभर तरी पाहणारच ना! तिनं डोळे वर केले. वामनचा उजवा गाल गव्हाळ होता आणि डावा गाल, कानासकट, नाटकातल्या स्त्रीपार्टीसारखा लाल!

बशा वाजायला लागल्या. कौसल्येनं ओठ चावला, पदर तोंडात कोंबला.

"नाव काय, पोरी?" लटारूभाऊंनी विचारलं.

कौसल्येच्या तोंडून "क" निघाला आणि त्याच्यामागून असं हसू फुटलं, की ती तिथंच मटकन खाली बसली. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर मुलगी हसते म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसांनाच कळेल. आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"काऊन हासून राह्यली पोरगी?" लटारूभाऊंच्या मिशा ताठ झाल्या.

"स्वभाव आनंदी हाय," गुरुजी म्हणाले.

लटारूभाऊ रागानं मुलाकडं वळले आणि थबकले. "अबे वामन, तुह्या गालाले काय झालं?"

"कुठी काय?" वामननं गाल चोळला. आता हातही लाल. मग त्याची नजर वडिलांवर गेली. "बाबा... तुमचं टकलं..."

लटारूभाऊंनी डोक्यावरून हात फिरवला, तो समोर धरून पाहिला आणि अशी आरोळी ठोकली, "रगत!"

"रगत नाई, भाऊ! वाकळीचा रंग हाय," आत्याबाई पुढं झाल्या. त्यांनी हात जोडले. "माही चूक झाली. माह्याच हातची वाकळ हाय. म्हातारपन आलं, मीठ-तुरटीत घालाचं ध्यानात राह्यलं नाई. माफी करा."

मी दाराआड उभी होते. ज्या बाईनं मला भिजत घाल म्हणून सांगितलं होतं, ती पाहुण्यांसमोर हात जोडून उभी होती. चाळीस वर्षं जिच्या वाकळी लोक मागून न्यायचे, ती!

लटारूभाऊ माजघरात गेले आणि वाकळ उचलून आणली. उलटी केली, सुलटी केली. पेरजागडावरून बोट फिरवलं.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "हे हातची शिलाई नाई. मशिनीची हाय. तुमी काऊन खोटं बोलून राह्यल्या?"

आता स्थळ गेलंच होतं, वर आत्याबाई खोट्याही ठरल्या होत्या. मी डोक्यावर पदर ओढला आणि बाहेर आले. परक्या पुरुषांसमोर मी त्याआधी कधी एक शब्द बोलले नव्हते.

"वाकळ मी शिवली," मी म्हटलं. "आत्याबाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची काही चूक नाही." आणि मला रडू आलं. मी असं रडले, की एवढं पाणी वाकळीला लागलं असतं तर तिचा उरलेला रंगही निघून गेला असता.

"पानी मी शिंपडलं," गुरुजी मास्तरांसमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखे म्हणाले. "बाष्पीभवनासाठी."

"आन लाल रंग मीच सांगतला होता," कौसल्या जमिनीवरूनच म्हणाली. "वयनी तं हिरवा घेऊन राह्यली होती." (हे साफ खोटं! बाजारात ती माझ्याबरोबर नव्हतीच.)

लटारूभाऊ आमच्या चौघांकडं आळीपाळीनं पाहत राहिले. मग म्हणाले, "थांबा थांबा! आता थ्या दारातल्या मांजरीले बी इचारा. तिचा बी काई गुन्हा असन!"

आणि ते खाली बसले. मिशांच्या आड काहीतरी हललं आणि तो आडवा-तिडवा माणूस गदगदा हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले, तर डोळ्यांभोवतीही गुलाबी.

"बाई, आमच्या घरी तीन सुना हायेत," ते आत्याबाईंना म्हणाले. "दूध उतू गेलं तं चार दिवस कोनी कबूल होत नाई. शेवटी मीच म्हन्तो, बापा, मीच उतू घालवलं असन. आन इथी एका वाकळीचे चार धनी! असं घर मी पाह्यलं नाई." मग मुलाकडं वळून म्हणाले, "बोल रे, काय म्हन्तं?"

वामन कौसल्येकडं पाहत म्हणाला, "माह्या गालाचा रंग निघन ना?"

"निघन," कौसल्या म्हणाली. "हासू मात्र निघाचं नाई."

स्थळ पक्कं झालं! तेवढ्यावर थांबले असते तर माझी अब्रू वाचली असती. पण मला भरपाई करायची होती. मी पाहुण्यांना गुरुजींची धोतरं नेसायला दिली (गुरुजींचं धोतर लटारूभाऊंना गुडघ्यापर्यंत आलं) आणि त्यांचे कपडे नि ती वाकळ घेऊन कौसल्येबरोबर तलावावर गेले. आता मी शहाणी झाले होते. बरोबर मीठही नेलं आणि तुरटीही. बादलीत भरपूर दोन्ही टाकलं आणि बंडी, धोतर, सदरा, वाकळ सगळं एकत्र बुडवून ठेवलं. मीठ-तुरटीनं रंग पक्का होतो, निघत नाही, ही साधी गोष्ट आत्याबाईंनी मला स्पष्ट शब्दांत सांगितली होती. मी पुन्हा ऐकलं नव्हतं!

बादलीतलं पाणी तलावात ओतलं तसा पाळीजवळ लाल ढग पसरला. जाळं सावडत असलेला ढिवर नाव थांबवून उभा राहिला.

"वयनी," त्यानं हाक मारली, "तलावातल्या मासोयाईचं लगन हाय का आज?"

आधी पाहुण्यांचे कपडे फक्त एका बाजूनं गुलाबी होते. धुऊन आणले ते पुढून, मागून, आतून, बाहेरून, एकसारखे गुलाबी. लटारूभाऊंनी बंडी हातात घेतली, उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"आता बराबर वाटते," ते म्हणाले. "मघा अधुरं वाटत होतं."

तसेच ते दोघे रेंगीत बसून गेले. वाटेत लागलेल्या प्रत्येक गावानं त्यांना पाहिलं असणार. निघताना मात्र लटारूभाऊंनी बैलांचा कासरा मुलाच्या हाती देऊन एक अट घातली, एकच. हात जोडून घातली.

"बाई, आंदनात काई बी द्या, नाई दिलं तरी चालन. फक्त वाकळ देऊ नका."

त्याच ज्येष्ठात लग्न झालं. मी ती अट तंतोतंत पाळली. वाकळ दिली नाही. उशांचे दोन अभ्रे दिले. निळे. कडेला मशीननं वेलबुट्टी काढली होती.

महिनाभरानं कौसल्येचं कार्ड आलं. गुरुजींनी ते ओसरीत मोठ्यानं वाचलं: "मी सुखात आहे. सासरची माणसं फार चांगली. वहिनीचे अभ्रे सगळ्यांना आवडले. यांचा कान दोनदा साबणानं धुतला, पण निळाच आहे. गावात यांना आता मोर म्हणतात."

खाली थोड्या जागेत, वाकड्या अक्षरांत, लटारूभाऊंनी स्वतः एक ओळ लिहिली होती:

"तुमच्या सूनबाईले रागावू नका. चूक माहीच हाय, अभ्र्याचं सांगाचं राह्यलं."